पांढरी खुडूक

"शिवण डावीकडे! सुतारकाम उजवीकडे! कोंबड्या लिंबाखाली!"

हेडमास्तरांनी पायरीवरून आरोळी दिली आणि आमचा आठवीचा वर्ग मोहोळ फुटावं तसा फुटला. त्या वर्षी वरून हुकूम आला होता की आठवीपासून पोरांनी नुसती घोकंपट्टी करायची नाही, हाताला काम देणारा एक विषय आपापल्या मर्जीनं निवडायचा. आपापल्या मर्जीनं! कोंडवाडीत तोवर मर्जीनं वागत होता तो फक्त वारा. आणि तो तरी कसा, एकदा पाटलांच्या डोक्यावरचा पटका उडवला तो तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या बाजारात विकायला लागलेला सापडला. पाटलांनी तो घासाघीस करून परत विकत घेतला. खोटं वाटत असेल तर पाटलांना विचारा. म्हणजे, असते तर.

तर पोरी सगळ्या डावीकडं गेल्या. मी धावत सुटले ती थेट लिंबाखाली. तिथं सगळी पोरंच होती, आणि त्यांच्यापुढं नाकाला रुमाल लावून खांबेटे सर उभे होते. कोंबड्या अजून आल्याही नव्हत्या, रुमाल आधीच आला होता.

"मालन," सर म्हणाले, "तू मुलगी आहेस. शिवणाकडे जा."

"व्हय सर. पण कोंबडीबी मुलगीच हाय की."

पोरं फिदीफिदी हसली. सरांनी रुमालातल्या रुमालात एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "राहा."

शिवण मला येत नव्हतं असं नाही. पण तिथं एका जागी बसायचं होतं, आणि माझ्या पायाला भिंगरी. आये म्हणायची, ही पोरगी पाळण्यात होती तेव्हा पाळणा शेजारच्या घरात जाऊन यायचा. शिवाय आयेनंच मला आदल्या दिवशी कानात सांगितलं होतं, "कोंबड्या घे मालन. जल्मापास्नं कोंबड्यांतच लोळलीयास. त्यात कोण नापास हुतंय?"

कारण नापास होणं मला परवडणारं नव्हतं.

आखितीच्या सणाला बिरोबाच्या देवळात गजराआत्यानं पदर पसरून मला तिच्या बाळूसाठी मागितली होती. आमच्यात भावाच्या लेकीवर बहिणीचा पहिला हक्क. आणि आण्णा तर थोरल्या बहिणीपुढं कधी मान वर करत नसत. आत्यानं बैल मागितला असता तरी दिला असता, मी तर तेरा वर्षांची पोर. आण्णांनी चार माणसांत शब्द दिला. मी देवळाच्या खांबाला मिठी मारून असा हंबरडा फोडला की देवाच्या माथ्यावरचा भंडारा खाली सांडला. लोकांना वाटलं देवानं कौल दिला. मग चार शहाण्यांनी मध्ये पडून तोड काढली: पोरगी पास होतेय तोवर शिकू दे. ज्या परीक्षेत एका जरी विषयात नापास झाली, त्या परीक्षेनंतरच्या पहिल्या मुहूर्ताला हळद.

"चालंल," आत्या म्हणाली होती. माझ्याकडं बघून वर हसली होती. ते हसणं माझ्या पाठीला चिकटलं ते सहामाही येईपर्यंत निघालं नाही.

पंचमीच्या सुमाराला सरकारी कोंबड्या आल्या. लेगहॉर्न. पांढऱ्याशुभ्र, पिवळ्या पायांच्या, लालभडक तुऱ्याच्या. आमच्या गावठी कोंबड्या उकिरड्यावरून त्यांच्याकडं बघायच्या तेव्हा चांगल्या घरच्या सुना बघून जुन्या सुनांचं होतं तसं त्यांचं व्हायचं. शाळेच्या मागं जाळीचं खुराडं बांधलं. दोन कोंबडे, बाकी माद्या. आणि परीक्षा अशी ठरली: सहामाहीला जिल्ह्याचे साहेब येणार आणि आम्ही सगळ्यांनी मिळून अंडी उबवून काढलेली पिल्लं दाखवायची. पिल्लं दिसली तर पास.

खांबेटे सर सांगलीचे. सोवळ्यातल्या घरचे. शाळेत सगळ्यांत नवे, म्हणून कोंबड्या त्यांच्या गळ्यात पडल्या होत्या. पुस्तकातून ते आम्हाला खुराड्याची लांबी-रुंदी शिकवायचे, कोंडा-भरड्याचं प्रमाण शिकवायचे, कोंबडीच्या पोटात काय काय असतं तेही डोळे मिटून शिकवायचे. पण अंड्याचं प्रकरण आलं की त्यांचा आवाज घशात अडकायचा.

"यापुढे... ते... येतं. ते तुम्ही घरी बघताच. पुढचा पाठ, स्वच्छता."

अशानं अंड्याचे दोन्ही पाठ त्यांनी ओलांडले. आम्हालाही काही वाटलं नाही. कोंबडी अंडी घालते, मग खुडूक होते, म्हणजे अंडी द्यायची थांबते आणि अंग फुगवून त्यांवर बसते, आणि मग पिल्लं निघतात. ह्यात शिकायचं काय?

पण ह्या पांढऱ्या बयांनी आमची झोप उडवली. अंडी घालायच्या आणि चालत्या व्हायच्या. मागं वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. आम्ही अंडी गोळा करून टोपलीत भुसा घालून मांडली, त्यावर एकीला दाबून बसवली. हात काढला की टुणकन उडी. टोपलीवर पोतं टाकलं, अंधार केला, अंगाई म्हटली. एका पोरानं तर तिच्यापुढं आपल्या आजीसारखं कण्हून दाखवलं. पोतं काढलं तर ती कोपऱ्यात नाचतेय.

भाद्रपद सरत आला, पितरपाट लागला. पोरं निवांत होती; नापास झाली तर दोन रट्टे बसणार होते, बास. मला मात्र बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. जेवताना ताटावरून उठून मी खुराडं बघून यायची. एका मधल्या सुट्टीत मी जाळीला नाक लावून मोठमोठ्यानं त्या कोंबड्यांना शिव्या देत होते, तेवढ्यात मागून सर आले.

"मालन, त्यांना कळत नाही."

"कळतंय सर. मुद्दाम करत्यात. सर, एक गावठी खुडूक आणली तर? तिच्याखाली ही अंडी ठेवायची."

सर दचकले. "सरकारी अंडी, आणि खासगी कोंबडी? अफरातफर होईल ती. साहेब काय म्हणतील?"

"आन पिल्लंच न्हाय निघाली तर काय म्हणत्याल?"

सर बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले. त्यांचीही नोकरी अजून कायम व्हायची होती. शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, "मी इकडे बघत नाही."

मी गावभर हिंडले. पण दिवस असे होते की एकाही घरी खुडूक नाही. कुणाची अंड्यावर होती, कुणाची पिल्लं घेऊन फिरत होती, कुणाची पाव्हण्याच्या पोटात गेली होती. शेवटी आयेनंच जड तोंडानं सांगितलं, "तुझ्या आत्याची काळी कालच खुडूक बसलीया म्हणं."

म्हणजे ज्या बाईच्या घरी मी नापास होऊन जायची, तिच्याकडंच पास व्हायला कोंबडी मागायची! मी ओढ्यापर्यंत तीनदा जाऊन परत आले. चौथ्यांदा ओलांडला.

शेंडगेवस्तीवर आत्या अंगणात शेळीला पाला घालत होती. ही बाई बोलायला लागली की खऱ्याला घाम फुटायचा. तिच्या विहिरीला म्हणे दोन तळ होते आणि तिच्या सासऱ्यानं लांडग्याला दावं लावून दूध काढलं होतं. सांगताना ती एवढी गंभीर असायची की समोरचा लांडग्याच्या दुधाला साय येते का ते विचारायचा.

"काय गं, सासूला भेटाय आलीस?"

"कोंबडी मागाय आलीया."

"कशापायी?"

मी सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग होता? आत्या ऐकत राहिली, मग खुदकन हसली. "म्हंजी माझ्याच कोंबडीनं माझी सून पळवून न्यायची?"

मला एक माहीत होतं: खुडूक मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणाऱ्याची पुढची अंडी कुजतात, असं आमच्याकडं पक्कं मानतात. आत्यालाही ते माहीत होतं.

"अर्धलीनं न्हेशील. निम्मी पिल्लं माझी."

"निम्मी तुमची."

"बस. च्या घे." ती चुलीपुढं बसली. "शाळेत कोंबड्या शिकिवत्यात म्हंजी काय शिकिवत्यात गं? कोंबडीचं काय असतंय शिकण्याजोगं?"

"लई असतंय. कोंबडी खडं का गिळती, सांगा."

"येडी असती म्हणून."

"न्हाय. तिला दात न्हाईत. दाणं तसंच गिळती. मग पोटात एक पिशवी असती, त्यात खडं साठीवती आन त्या खड्यांवर दाणं भरडती. जात्यावानी."

आत्याच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. तिची सगळी हयात कोंबड्यांत गेली होती.

"बया! पोटात जातं?"

"व्हय."

ती तडक उठली, कुडावरून शेजारच्या दोघींना हाक मारली. "ए, हिकडं या! माझ्या भावाची लेक काय म्हणतीया ऐका. परत सांग गं. पयल्यापास्नं सांग."

मी परत सांगितलं. दात, खडे, पिशवी, जातं. दोघींनी तोंडाला पदर लावले. मग आत्यानं मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि ह्या खेपेला डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"हे समदं आठवीत?"

"व्हय."

"मग नववीत काय सांगत्यात?"

"ते नववीत गेल्यावर कळंल."

"हां," आत्या म्हणाली, आणि पुढं काहीच बोलली नाही. तिला असं गप्प मी पहिल्यांदाच बघितलं. मग तिनं काळीला उचललं, टोपलीत घातलं, वरून फडकं बांधलं आणि माझ्या डोक्यावर टोपली ठेवली.

काळी बसली. काय बसली म्हणता! शाळेची घंटा, पोरांचा गलका, कशालाही हलली नाही. पण तिची सगळी अस्वस्थता माझ्या अंगात शिरली. मी इतक्या चकरा मारल्या की खुराड्यापासून वर्गापर्यंत पायवाट पडली. ती पुढं बरीच वर्षं होती, हेडमास्तरांनी तिच्या दोन्ही बाजूंनी झेंडू लावला. अंडी कानाला लावून ऐकायची, पाण्यात सोडून बघायची, आणि मनात मुहूर्त मोजायची.

दसरा झाला, आणि परीक्षेच्या तोंडावर पिल्लं फुटली. पिवळीधमक, कापसाच्या बोळ्यांसारखी. मी लिंबाभोवती पळत सुटले. सरांनी लांबूनच बघितलं, रुमाल खाली आला आणि पहिल्यांदा त्यांचं नाक आम्हाला दिसलं. चांगलं होतं.

पण परीक्षेच्या सकाळी त्यांचा चेहरा पांढरा पडलेला.

"मालन, मला रात्रभर झोप नाही. साहेब विचारणार, ही काळी कुठून आली? सरकारी खुराड्यात खासगी पक्षी! तुम्हा सगळ्यांना नापास करतील, आणि मला घरी पाठवतील."

"पिल्लं दाखवू, काळीला लपवू."

"पिल्लं आईवाचून ओरडतील. मग साहेब विचारणार, आई कुठे आहे?"

पिल्लं ओरडणार हे खरंच होतं. काळीला क्षणभर उचललं तरी पिल्लं असा कालवा करत की तालुक्याला ऐकू जावा.

मी सरांकडं बघितलं. सरांच्या हातात खडूची पेटी होती.

"सर, खडू द्या."

"कशाला?"

"तुमी तिकडं बघा."

सर तिकडं बघू लागले. त्यांची ती सवय आता चांगली मुरली होती.

मी आणि वर्गातल्या दगडूनं पेटीभर खडू दगडावर वाटले, पाण्यात कालवले आणि काळीला माखायला घेतलं. पंखावर, मानेवर, शेपटीवर. बिचारी खुडूक, तिला फक्त पिल्लांची फिकीर, रंगाची नाही. वाळल्यावर पुन्हा एक हात दिला. तुरा मुळातच लाल होता. राहिले पाय. लेगहॉर्नचे पाय पिवळे, काळीचे काळे. दगडूला मी त्याच्या घरून हळद आणायला पिटाळलं. माझी हळद टळावी म्हणून मी कोंबडीला हळद लावत बसले होते, आणि तेव्हा त्यात मला काही हसण्यासारखं दिसलं नाही. खुराड्याच्या मागं कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर कुणी नव्हतं.

दहाच्या सुमाराला फटफटी आली. साहेब उतरले, जाड भिंगाचा चष्मा, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी. मागं अर्धा गाव. आण्णा स्वच्छ पटका बांधून लिंबाखाली उभे होते. आणि जाळीला टेकून, शेळीवानी पान चघळत, गजराआत्या. अर्धलीची पिल्लं न्यायला आली होती. हिनं आता "माझी काळी कुठाय" विचारलं की संपलं.

तिनं विचारलं नाही. नुसती चघळत राहिली.

साहेब खुराड्यात वाकले. काळी, म्हणजे त्या दिवसापुरती पांढरी, अंग फुगवून बसलेली आणि पंखाखालून पिवळी डोकी डोकावतायत. साहेब वाकलेले तसेच राहिले. मग हळूच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ही... बसली?"

"बसली," सर म्हणाले. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा.

"लेगहॉर्न? खुडूक?"

"हो."

"अहो मास्तर, शक्य नाही! ह्या जातीला खुडूकपणा नाहीच. पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून काढून टाकलाय तो, नुसती अंडी द्यावी म्हणून. पुस्तकात आहे, अंड्यांच्या पहिल्याच पाठात! मला तर वाटलं होतं तुम्ही गावठी कोंबडी आणली असेल. सगळीकडे तेच करतात, तेच बरोबर. गावठी दिसली की मी डोळे मिटून पैकीच्या पैकी देतो."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी सरांकडं बघितलं. दगडू आपल्या पिवळ्या बोटांकडं बघत होता.

"पण हे!" साहेबांचा चष्मा धुकट झाला होता. "हे अजून कुठं घडलेलं नाही. ही कोंबडी पुण्याला गेली पाहिजे. मी स्वतः नेणार. मोठे लोक बघायला येतील. कुणी वाढवली ही?"

"मालननं," सर म्हणाले.

"शाबास मुली! पहिला नंबर. टोपली आणा!"

पहिला नंबर! माझ्या तोंडात साखर पडावी तशी ते दोन शब्द विरघळत होते. नुसतं गप्प बसायचं. कोंबडी पुण्याला जाईल, मी नववीत जाईन. मी जीभ दातांखाली धरली. आण्णांच्या तोंडावर, काय सांगू, हसू होतं.

साहेबांनी टोपली घेतली आणि काळीला हात घातला.

"ओ सायेब," जाळीवरून आत्याचा आवाज आला. "माझी कोंबडी खाली ठिवा."

"तुमची? बाई, ही सरकारी आहे. पांढरी दिसत नाही का?"

"दिसतीया की. माझी काळीच हाय ती."

लोक हसले. साहेबही हसले. आत्या हसली नाही. तिनं पानाची पिंक टाकली, पदर खोचला आणि बोलावलं, "तीऽ ती ती ती!"

काळीनं मान वर केली. दुसऱ्या हाकेला ती साहेबांच्या हातांतून सुटली, जमिनीवर आली, आणि कोंबडी धुळीतनं उठल्यावर झाडते तसं तिनं सगळं अंग एकदा खडखडून झाडलं.

असा ढग उठला की समोरची शाळा दिसेना. साहेब खोकतायत, सर खोकतायत. ढग बसला तेव्हा मध्ये काळी उभी, पाठीवर पांढरे पट्टे, पाय पिवळे. आणि साहेब मात्र डोक्यापासून पायापर्यंत लेगहॉर्न.

कुणी हसलं नाही. साहेबांच्या तोंडाकडं बघून हसायची छातीच नव्हती.

"कोणी केलं हे?"

खांबेटे सर पुढं झाले. "विषय माझा आहे. जबाबदारी..."

"म्या रंगवली," मी म्हणाले. "सर तिकडं बघत हुतं."

साहेबांनी चष्मा पुसला. पुणं त्यांच्या डोळ्यांपुढून निघून गेलं होतं, ते दिसत होतं. "बाकीची मुलं पास. पिल्लं निघाली आहेत. मास्तर, तुम्हाला मी काही म्हणत नाही, पुस्तक तेवढं पूर्ण वाचा. पण ह्या मुलीला शून्य. सरकारला चुना लावते!"

"खडू हुता, सायेब," दगडू म्हणाला. त्याला कुणीतरी मागं ओढलं.

माझ्या कानांत फक्त "शून्य" घुमत होतं. आण्णा लिंबाखालून निघाले. त्यांची मान खाली होती. ते माझ्याकडं आले नाहीत, जाळीपाशी गेले.

"आक्का," ते म्हणाले, "पोरगी नापास झाली. चार माणसांत शब्द दिलाय. तुझी झाली."

मी पळणार होते. कुठं ते ठाऊक नव्हतं. पण आत्याचा आवाज असा कडाडला की पाय जागीच रुतले.

"माझी झाली? कोन माझी झाली? ही? नामा, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का? आज माझी कोंबडी रंगिवली हिनं. उद्या माझ्या म्हशीला रंग देऊन बैल म्हणून इकंल! परवा मलाच चुना फासून बाजारात हुबी करंल! ही पोरगी घरात घिऊ? मी जल्मली तवापास्नं येडी हाय का?"

"आक्का, शब्द..."

"शब्द तू दिलास, म्या घेतला. आता म्या सोडला. ऐका रं समदी! पाटील, ऐका. सायेब, तुमीबी ऐका, सरकार हाय तुमी. ही सून मला नगं. फुकाट दिली तरी नगं. वर बैलजोडी दिली तरी नगं!"

गावापुढं कुणी मला असं झिडकारलेलं मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. मला रडू फुटलं. सुटका झाली म्हणून नाही. अपमान झाला म्हणून. आण्णांचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं.

"आणि पिल्लं सरकारची आहेत," साहेब मध्येच म्हणाले. "त्यातली तुम्हाला मिळणार नाहीत."

"ऱ्हाऊ द्या. सरकारनं पंखाखाली घ्यावं मग त्यास्नी," आत्या म्हणाली. पण काळीला तिनं उचललं नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत राहू दे म्हणून सरांना सांगितलं आणि तरातरा निघाली.

मी तिच्या मागं धावले. मला तिला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. ओढ्यात गाठलं.

"आत्या, सायेबापुढं सांगायचं हुतं तर आदी तरी सांगायचं! मी पास झाली असती!"

"झाली असतीस." ती वहाणा हातात घेऊन पाण्यात उभी राहिली. "सकाळी खुराड्यामागं मीच हुते. समदं बघिटलं. मानंखाली रंग द्यायचा ऱ्हायला हुता, गाढवे. सायबाला चष्मा हुता म्हणून निभावलं."

"मग तवाच का न्हाय बोललात?"

"तवा तिथं कोन हुतं? तू आन ते दगडं पोर. चार माणसांत दिल्याला शब्द चार माणसांतच सोडावा लागतुया." तिनं पायावर पाणी मारलं. "तुझ्या बापाला त्यो मोडता येत न्हवता. त्यो मेला असता, पन मोडला नसता. मला सोडता येत हुता, पन कारन पायजे. कारन न्हाय म्हटल्यावर लोक म्हणत्यात, भावा-बहिणीत बिनसलं."

"पन मी पास झाली असती तर..."

"तर वार्षिकला पुन्यांदा हाच खेळ. मग नववीला. कवातरी पडलीच असतीस. कितींदा कोंबड्या रंगिवणार हुतीस?"

मी बोटांवर परीक्षा मोजून बघितल्या. "आन बाळूदादा?"

"त्याला काय सांगू? सांगीन, पोरगी चकणी हाय."

"मी कुठं चकणी हाय?"

"आता हुशील," आत्या म्हणाली, आणि पलीकडं निघून गेली.

आणि झालं! आत्याचा शब्द म्हणजे काय ते मी पुढची तीन वर्षं भोगलं. ओढ्यापलीकडच्या सगळ्या वस्त्यांवर बातमी गेली: नामदेव पुकळ्याची मालन चकणी आहे, एक डोळा चुलीवर तर एक डोळा गोठ्यावर. मग त्यात भर पडत गेली. झोपेत चालते. चालता चालता माती खाते. एकदा म्हणे आख्खा बांध खाल्ला आणि भावकीत भांडण लागलं. आण्णांनी दोन-चार ठिकाणी शब्द टाकून बघितला. लोक पाणीसुद्धा न पिता उठायचे. बाजारात अनोळखी बाया माझ्यापुढं येऊन आधी डाव्या डोळ्यात बघायच्या, मग उजव्या. मी आत्याच्या नावानं बोटं मोडायची आणि शाळेत जायची. दुसरीकडं जायला जागाच ठेवली नव्हती तिनं.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी आण्णांनी दारात गूळ वाटला. शाळेत मॅट्रिक झालेली मी पहिली पोरगी. खांबेटे सर आले, हेडमास्तर आले, पाटील आले, लांबचे दोन पाव्हणे आले. सगळ्यांत शेवटी गजराआत्या आली. तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला, चार माणसांना ढकलून माझ्यापुढं आली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आगं बया! डोळं सरळ झालं की गं हिचं!"